ओटीचं खोबरं

विमान खाली यायला लागलं आणि अनुजानं खिडकीला नाक लावलं. खाली नुसतं निळं पाणी. किती निळं म्हणावं... निळीच्या बादलीत धुवट लुगडं बुडवावं तसं. मग पांढऱ्या फेसाची काठपदरी किनार. आणि किनारीच्या अलीकडं—

"आत्या! आत्या, ऊस!"

चिमणाबाई मुंबई सोडल्यापासून पदर तोंडावर घेऊन बसल्या होत्या. विमानातलं त्यांनी काही खाल्लं नव्हतं, आणि हवाईसुंदरीनं दिलेली लिंबाची गोळीसुद्धा संशयानं पिशवीत टाकली होती.

"समुद्रात ऊस कुठला गं?"

"व्हय की! धावपट्टीच्या कडेला ऊसच ऊस हाय. तुरं आल्यात बघा."

"म्हंजे फिरवून फिरवून परत गडमुडशिंगीतच आणलं की काय मेल्यांनी!"

त्यांचं तरी काय चुकलं? कोल्हापूरचा विमानतळ गडमुडशिंगीच्या शिवाराला लागूनच. पण तो केवढासा! कधीकाळी एखादं विमान यायचं, आणि त्याचा आवाज आला की बायका धुण्याचा पिळा तसाच हातात धरून वर बघायच्या. अनुजा तर लहानपणी म्हशी सोडून पळायची. एकदा विमान बघायच्या नादात म्हैस परक्याच्या उसात शिरली होती आणि आत्यानं तिला चिंचेच्या फोकानं बडवलं होतं. त्या पोरीला आज विमानात बसवून मॉरिशसला आणायचं काम त्याच आत्याच्या नशिबी आलं.

झालं होतं असं. मॉरिशसला मराठी माणसं आहेत, चार पिढ्यांपूर्वी ऊस लावायला बोटीतून गेलेली. त्यांच्या एका मंडळाचे अध्यक्ष अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात आले, तिथं त्यांनी अनुजाची लेझीम बघितली. ही पोरगी लेझीम खेळायला लागली की बघणाऱ्याचा चहा निवतो, हे मी उगीच सांगत नाही. 'गणपतीला आमच्या पोरींना शिकवायला या,' म्हणाले. अनुजाचे वडील गणपतराव नाही म्हणायच्या बेतात होते. पण त्या घरात हो-नाही चिमणाबाईंचं चालतं. त्यांचं सासर आणि माहेर एकाच गावात, त्यामुळं दोन्ही घरांवर राज्य. अनुजाची आई लवकर गेली, पोर वाढवली ती आत्यानंच.

"जाईल ती," चिमणाबाई म्हणाल्या. "पण एकटी न्हाय. मी जाणार संगं."

निघताना त्यांनी दारात अनुजाची ओटी भरली. शेंडीचा नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण. आणि दर वेळी बजावतात तसं बजावलं, "पोचल्यावर फोडायचा. ओटीचं खोबरं घरच्याच माणसानं खायचं, परक्याच्या हाताला लागता कामा न्हाय." या बाबतीत त्या अशा कडक की एकदा शेजारणीनं ताटलीला हात घातला तर त्यांनी ताटली उचलून तिला गूळ दिला होता.

तर विमान उतरलं.

काय तो विमानतळ! जगभरची श्रीमंत माणसं या बेटावर लाड करून घ्यायला येतात, मग त्याचा दरवाजाही तसाच हवा की. अशी फरशी की खाली बघून कुंकू नीट करावं. फ्रान्सची, लंडनची माणसं लाल-लाल होऊन, हॅट घालून चाललेली. नवी लग्नं झालेली जोडपी एकमेकांच्या बोटांत बोटं अडकवून. आणि एवढ्या झगमगाटातसुद्धा दार उघडलं की आत कसला वास यावा? ओल्या उसाचा. अनुजानं दीर्घ श्वास घेतला आणि तिची भीती निम्मी झाली.

चिमणाबाईंना मात्र भोवळ आली. त्या भिंतीकडेच्या खुर्चीवर बसल्या, डोळ्यांवर ओला रुमाल. "तू सामान बघ. कुणाला भिऊ नगंस."

सामान घेऊन अनुजा तपासणीच्या टेबलापाशी आली. पलीकडं एक उंच, सावळा तरुण उभा. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्टी. त्यानं तिच्या नाकातली मोरणी बघितली, पिशवीवरचं मराठीतलं नाव बघितलं आणि घसा साफ करून म्हणाला,

"ताई, आपल्या सामानात काही वनस्पतिजन्य पदार्थ आहेत काय?"

अनुजाला हसूच फुटलं. मराठी! आणि तेही शाळेच्या पुस्तकातून इस्त्री करून काढलेलं.

"ताई कुणाला म्हणताय, पावणं?"

तो गोंधळला. "पाहुण्या तर आपण आहात. मी पाहुणा कसा?"

"आमच्याकडं अनोळखी माणसाला पावणंच म्हणत्यात."

"आणि ओळखीच्याला?"

"ते ओळख झाल्यावर बघू की."

त्याच्या गालाला खळी पडली. अनुजानं घाईघाईनं पिशवीची गाठ सोडायला घेतली... गाठ सुटेना. त्यानं हात पुढं केला, तिनं मागं घेतला, बोटाला बोट लागलं. गाठ सुटली.

चिवडा पास झाला, कांदालसूण मसालाही पास झाला. मसाल्याचा डबा उघडून बघताना त्याला अशी शिंक आली की पुढची गोरी बाई दचकली. आणि मग खणात बांधलेली ओटी वर आली.

त्याचा चेहरा बदलला. "नारळ आणि तांदूळ आत नेता येणार नाहीत."

"ओटी हाय ती."

"ते दिसतंय मला," तो हळू आवाजात म्हणाला. "माझी आजीसुद्धा भरते. पण बाहेरून बी, दाणा, नारळ काही आणायचं नाही. एक कीड आली तर बेटावरचा सगळा ऊस जाईल. दुसरीकडं पळायलाही जागा नाही आम्हाला, चारी बाजूंनी पाणी."

दुसरी कुणी असती तर रडली असती, नाहीतर भांडली असती. पण अनुजा उसाच्या घरातली. गेल्याच वर्षी त्यांच्या उसावर लोकरी मावा पडला होता. पानाखाली कापूस पिंजून ठेवल्यासारखी पांढरी कीड, आणि बांधावर गप्प बसलेले वडील. तिला ते दिसलं.

"खरं हाय तुमचं," ती म्हणाली. "पण ओटी टाकायची नसती वो."

त्यानं नारळ उचलून हातात फिरवला. मग म्हणाला, "आत न्यायची नाही हा नियम आहे. इथं खायची नाही असा नियम नाही. थांबा."

तो आत जाऊन त्याच्या वरिष्ठ बाईंशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. त्या बाईंनी अनुजाकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, खांदे उडवले आणि हसल्या. तपासणीच्या खोलीत सिमेंटचा कट्टा होता. तो हातोडी शोधत होता तोवर अनुजानं पदर खोचला, नारळ उचलला आणि एका दणक्यात दोन भकलं केली.

"बाप रे!" तो म्हणाला. एवढा एकच उद्गार त्याच्या तोंडून पुस्तकाबाहेरचा आला.

"तांदळाचं काय करायचं?"

"इथली भट्टी आहे. जे आत जात नाही ते जाळतो."

"अग्नीला दिलं म्हंजे चाललं," अनुजा म्हणाली. तिनं तांदळाला हात लावून नमस्कार केला, खण स्वतःजवळ ठेवला. मग खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला. आणि समोर माणूस उभा असताना एकटीनं खायचं, असं कोल्हापुरात कुणाला जमलंय? हात आपोआप पुढं गेला. "घ्या."

त्यानं घेतला. खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. "गोड आहे..."

आणि अनुजानं तोंडावर हात ठेवला. अगं बाई! ओटीचं खोबरं!

"काय झालं?"

"काय न्हाय."

"काहीतरी झालं. आपण लाल झालात."

"तुमच्या देशात गरम होतंय," ती म्हणाली. बाहेर गार वारा वाहत होता.

तेवढ्यात चिमणाबाई आल्या. पोरगा मराठी बोलतो कळल्यावर भोवळ कुठल्या कुठं पळाली.

"पावणं, नाव काय म्हणायचं?"

"जयसिंग पिराजी."

"हे झालं तुझं आणि तुझ्या बाचं. आडनाव?"

"पिराजी हेच आडनाव, मावशी. माझे खापरपणजोबा बोटीतून उतरले तेव्हा साहेबानं नाव विचारलं. ते म्हणाले, पिराजी. साहेबानं तेच आडनाव लावलं."

"मावशी न्हाय, आत्या म्हण. आणि गाव कंचं?"

तो खाली बघून म्हणाला, "कोल्हापूरकडचं, एवढंच आजी सांगते. गावाचं नाव... बोटीतच राहिलं."

चिमणाबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. नाव नसलेलं पोर त्यांनी बघितलं होतं, बाप नसलेलं बघितलं होतं. गाव नसलेला माणूस पहिल्यांदाच बघितला.

मग त्यांचं लक्ष फुटलेल्या नारळाकडं गेलं. "आणि हे काय गं?"

"इथं सोडत न्हाईत. म्हणून इथंच खायचा. घ्या तुम्हीबी." अनुजानं मोठ्ठा तुकडा त्यांच्या तोंडापुढं धरला, म्हणजे पुढचा प्रश्न विचारायला तोंड मोकळं राहू नये.

गणपतीचे दिवस. मंडळाच्या सभागृहात रोज संध्याकाळी पोरींच्या हातात लेझीम खुळखुळायची. त्या पोरी बेटावरची क्रिओल भाषा बोलायच्या, पण 'एक, दोन, तीन, चार' म्हणताना अशा ठसक्यात म्हणायच्या की चिमणाबाईंचे डोळे भरून यायचे. त्या भरलेले डोळे कुणाला दाखवत नसत, म्हणून ओरडायच्या, "वाका की जरा! कमरेत काय काठ्या घातल्यात?"

जयसिंग काम सुटलं की त्याच पांढऱ्या शर्टात यायचा. जवळच राहायचा तो, तानाबाई आजीबरोबर.

"मलाही शिकवाल?" त्यानं एकदा विचारलं.

"लेझीम अशी धरत्यात व्हय? साप धरल्यागत!"

"मग हात धरून दाखवा."

"लांबनं दिसतंय की तुम्हाला. चष्मा न्हाय काही."

तो हसायचा. आणि रोज निघताना तोच प्रश्न, "त्या दिवशी तोंडावर हात का ठेवला होता?"

"जाताना सांगीन."

"मग मी तुम्हाला जाऊच देणार नाही."

यावर ती लेझीमच्या चकत्या मोजत बसायची.

चिमणाबाईंचं बारीक लक्ष होतं. मुलगा त्यांना आवडायला लागला होता, पण आवडलं म्हणून लगेच सांगत सुटतील त्या चिमणाबाई कसल्या! त्यांनी त्याची परीक्षा घेतली. इथला ऊस मनगटाएवढा जाड बघून त्यांचा जीव जळत होता.

"जयसिंगा, दोन कांडी दे की बियाण्याला. लुगड्यात गुंडाळून नेते. विमानतळावर तुझीच माणसं, कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, आत्या." तो हात जोडून म्हणाला, पण ठाम. "आमचा रोग तुमच्या शिवारात गेला तर? मागा ते देईन, ऊस नाही."

त्या दिवशी चिमणाबाई त्याच्याशी बोलल्या नाहीत. झोपताना मात्र अनुजाला म्हणाल्या, "लई आगाऊ हाय पोरगं." मग कूस बदलून, "...पण सरळ हाय."

रविवारी त्यानं दोघींना विमानतळ दाखवायला नेलं. वरच्या सज्जातून सगळं दिसायचं. धावपट्टी, ऊस, आणि उसाच्या पलीकडं समुद्र. चिमणाबाई खाली चहा पीत बसल्या. उन्हातच भुरभुर पाऊस सुरू झाला. एक मोठं विमान धावत सुटलं, उसाचे तुरे एका बाजूला लोळले, आणि ते विमान पावसाच्या पडद्यातून वर गेलं.

"किती देखणं!" अनुजा म्हणाली. तिच्या पापण्यांवर थेंब होते.

"हो," तो म्हणाला. तो विमानाकडं बघत नव्हता.

"...तुम्ही बसलाय कधी विमानात?"

"कधीच नाही. माझं काम खाली, येणाऱ्यांपाशी. येणारे हसत येतात. वर, जाणाऱ्यांच्या बाजूला मी सहसा येत नाही. तिथं सगळे रडतात, मला बघवत नाही."

"मग आम्ही जाताना येणार न्हाय?"

तो कठड्यावरचं पाणी बोटानं पुसत राहिला. "मी रोज शेकडो माणसांना विचारतो, कुठून आलात? आणि मला कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही. तुझ्या आत्या गाव विचारतात, कूळ विचारतात. त्यांचं बरोबर आहे. मी काय सांगू, अनुजा?"

पहिल्यांदा 'तू'. पहिल्यांदा नुसतं नाव. अनुजाच्या छातीत हलगी वाजायला लागली. तिनं ओढणीचं टोक पुढं केलं. "डोकं पुसा. भिजलाय." तो नुसता बघत राहिला, तेव्हा तिनंच पुसलं... आणि मग दोघं एकमेकांपासून हातभर लांब उभी राहून दुसऱ्या विमानाची वाट बघायला लागली. दुसरं विमान बराच वेळ नव्हतं. दोघांपैकी कुणाचीच तक्रार नव्हती.

निघायचा दिवस आला.

जाणाऱ्यांच्या दरवाजापाशी, बाहेरच्या पायऱ्यांवर, जयसिंग उभा होता. जिथं तो येत नसे तिथं. बरोबर तानाबाई आजी, काठापदराचं लुगडं, कपाळावर आडवं कुंकू. त्यांनी अनुजाची ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. आणि तिथंच चिमणाबाईंचा हात धरून म्हणाल्या, "ही पोर आमच्या घरात द्या, बाई."

अनुजानं ओटी छातीशी धरली. जयसिंगनं मान खाली घातली.

चिमणाबाईंनी हात सोडवून घेतला नाही, पण आवाज घट्ट केला. "तुमचं पोरगं सोन्यासारखं हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पण आजी, पोर पाण्यापलीकडं द्यायची म्हंजे चेष्टा व्हय? उद्या भाऊबंद विचारतील, पावणं कुठलं? कुळी कंची? मी काय सांगू, गाव बोटीत राहिलं? मला गावात तोंड दाखवायचं हाय. परक्याच्या हातात पोर दिली म्हणतील. न्हाय जमायचं."

जयसिंग म्हणाला, "ठीक आहे, आत्या. आपण म्हणता ते बरोबर आहे." आणि त्यानं सामानाची गाडी दाराकडं वळवली. त्याचा चेहरा अनुजाला दिसला. येणाऱ्यांपुढं हसणारा तो चेहरा...

"आत्या," ती म्हणाली.

"चल. विमान चुकंल."

"आत्या, हे परकं न्हाईत."

"म्हंजे गं?"

"आलो त्या दिवशी... माझ्या ओटीचं खोबरं ह्यांनी खाल्लंय. माझ्या हातनं."

जयसिंगनं गाडी थांबवली. त्याला त्या दिवशीचा तोंडावरचा हात आता कळला. कानापर्यंत लाल झाला तो.

चिमणाबाई गर्रकन वळल्या. "आणि मला आता सांगतीस, भवाने?"

"तुम्हीच म्हंता की, घरच्याच माणसानं खायचं. आता खाल्लंय त्यांनी. एकतर तुमचा नियम खोटा म्हणा... न्हायतर ह्यांना घरचं म्हणा."

आजूबाजूनं माणसं जात होती, चाकांच्या पेट्या खडखडत होत्या. चिमणाबाई मात्र पायरीवर कंबरेवर हात ठेवून उभ्या. सगळा जन्म त्यांनी नियम सांगण्यात घालवला. शेजारणीच्या हातून ताटली काढून घेतली. आता स्वतःच्याच तोंडानं तो मोडायचा? एवढ्या त्या हलक्या नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर ऊस न देणारा पोरगा त्यांच्या मनात कधीच घर करून बसला होता. वाट अडली होती ती फक्त गावापाशी.

त्यांनी अनुजाच्या ओटीतला नारळ उचलला. "जयसिंगा, हा मुंबईत सोडतील का रे?"

"विचारावं लागेल, आत्या."

"नगं विचारू. तिकडंबी तुझ्यासारखंच कुणी बसलं असंल. फोड इथंच."

त्यानं फोडला. पहिल्या दणक्यात नाही फुटला, दुसऱ्यांदा फुटला. चिमणाबाईंनी पहिला तुकडा तानाबाई आजींना दिला, दुसरा जयसिंगच्या हातावर ठेवला. या वेळी सगळ्यांदेखत. तिसरा स्वतः तोंडात टाकला आणि चावत म्हणाल्या,

"गाव न्हाय म्हंतोस काय? आजपासनं गाव गडमुडशिंगी लाव. कुणी विचारलं तर म्हण, चिमणाबाईनं दिलंय. आणि वैशाखात आजीला घेऊन ये. विमानात बस एकदाचा. आमच्या इथंबी विमानतळ हाय म्हणावं, बारकासा!"

आजी रडायला लागल्या. जयसिंग पाया पडायला वाकला तर चिमणाबाईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली, आणि चष्मा पुसायचं निमित्त करून आधी आत निघून गेल्या. त्यांना चष्मा नव्हता.

दारापाशी अनुजा थांबली. भुरभुर पाऊस आणि ऊन, दोन्ही एकदमच.

"ओळख झाली का आता?" त्यानं विचारलं. "का अजून पावणंच?"

तिनं आधी खाली बघितलं, मग हळूच वर. "न्हाय..."

"मग काय म्हणशील?"

ती पाठ फिरवून दोन पावलं गेली, काच आपोआप उघडली. आत जाता जाता तिनं मान वळवली. नाकातली मोरणी चमकली.

"अहो... त्या करवंट्या उचला की तेवढ्या. कीड पडंल!"